‘मिनिमम ड्यू’च्या नादी लागू नका
हिंजवडीत पहिली नोकरी लागली, की पगाराआधी क्रेडिट कार्डवाल्यांचे फोन सुरू होतात. कार्ड घ्या हवं तर, पण बिलावरच्या ‘मिनिमम ड्यू’ला, म्हणजे किमान भरायच्या रकमेला, भुलू नका. समजा बिल ४०,००० आलं आणि तुम्ही २,००० भरून मोकळे झालात. उरलेल्या ३८,००० वर महिना साडेतीन टक्क्यांनी व्याजच १,३३० रुपये, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा. शिवाय बिनव्याजी मुदत गेली. उद्या एफसी रोडवर प्यायलेल्या कॉफीवरही पहिल्या दिवसापासून व्याज! (एटीएममधून कार्डावर रोकड काढलीत तर ही मुदत मुळातच नसते.) ॲपमध्ये ऑटोपे लावताना ‘टोटल ड्यू’, म्हणजे पूर्ण बिल, निवडा. चुकून ‘मिनिमम’वर टिक राहिली नाही ना, तेवढं बघा.