पीएच ५ दिवा टांगताना आणि वापरताना

डेन्मार्कचे वास्तुरचनाकार पॉल हेनिंगसेन यांनी १९५८ मध्ये लुई पोल्सन या कंपनीसाठी ‘पीएच ५’ हा टांगता दिवा घडवला. नावातील पाचाचा आकडा मुख्य छत्रीच्या, म्हणजे शेडच्या, ५० सेंटिमीटर व्यासावरून आला आहे. आतला बल्ब डोळ्यांना दिसू नये आणि प्रकाश छत्र्यांवरून परावर्तित होऊनच बाहेर यावा, यासाठी ही सारी रचना असल्यामुळे दिवा लावतानाचा प्रत्येक निर्णय याच कसोटीवर घ्यावा.

जेवणाच्या टेबलापासून दिव्याची खालची कड साधारण ६० सेंटिमीटर वर ठेवावी. वायर कायमची कापण्यापूर्वी दिवा तात्पुरता अडकवून, खुर्चीत बसून समोरच्याचा चेहरा दिसतो का ते पाहावे. छतातील वायरिंगचा पॉइंट टेबलाच्या मध्यावर नसेल, तर तिथे वेगळा हूक ठोकून वायर त्यावरून आणावी; टेबल सरकवण्यापेक्षा हे बरे. आपल्याकडे मात्र छताचा पंखा जवळ असल्यास दिवा झुलतो आणि ताटावरचा प्रकाश हलत राहतो, म्हणून दोहोंत पुरेसे अंतर हवे.

होल्डर आट्यांचा, म्हणजे ई-२७ मापाचा असतो. आपला नेहमीचा पिनचा बल्ब त्यात बसत नाही. दुधी काचेचा, उबदार पिवळसर आणि चहूबाजूंनी उजळणारा बल्ब घ्यावा, कारण केवळ पुढच्या टोकाने प्रकाश देणाऱ्या एलईडीमुळे वरच्या छत्र्या अंधारात राहतात आणि मग हा दिवा घेण्यात काही अर्थच उरत नाही.

जुना दिवा घेत असाल तर आत नीट डोकावून पाहावे. माणसाचा डोळा पिवळ्या-हिरव्या प्रकाशाला अधिक आणि लाल-निळ्याला कमी संवेदनशील असतो, हे ध्यानात घेऊन हेनिंगसेन यांनी आतील शंकू लाल आणि छोटा परावर्तक निळा रंगवला होता. ही सजावट नव्हे. त्यावर कुणी पांढऱ्या रंगाचा हात फिरवला असेल, तर प्रकाशाचा मूळ रंग हरवलेला असतो.

छत्र्या ॲल्युमिनियमच्या. पत्र्याची गोल चकती लेथवर फिरवत साच्यावर दाबून त्यांना आकार दिला जातो, त्यामुळे पत्रा पातळ पण वळण अचूक असते. दिवा बंद करून, थंड झाल्यावर मऊ सुती फडक्याने पुसावा आणि पुसताना छत्रीला खालून हाताचा आधार द्यावा, कारण एकदा पोचा पडला की परावर्तनाची रेषा बिघडते आणि ठोकून ती पूर्ववत होत नाही.