अटेस्टेशन फॉर्ममध्ये जुना मेमो कसा मांडायचा

पाषाण-दिघीच्या संरक्षण प्रयोगशाळेत निवड झाली की हातात अटेस्टेशन फॉर्म, म्हणजे पूर्वेतिहास पडताळणीचा फॉर्म, पडतो. चाकणच्या कंपनीत कधीकाळी मेमो, म्हणजे चुकीबद्दलची लेखी नोटीस, मिळालेला असला, की पेन तिथेच अडखळतं. पण मेमोपेक्षा तो लपवणं महागात पडतं. खोटी माहिती दिली किंवा दडवली तर अपात्र, अशी तंबी फॉर्मच्या माथ्यावरच असते.

आधी कागद काढा: कारणे दाखवा नोटीस, तुमचा खुलासा, चौकशीचा निकाल, रिलीव्हिंग लेटर. पीएफच्या सर्व्हिस हिस्ट्रीत रुजू झाल्याच्या आणि सोडल्याच्या तारखा असतात, तेव्हा सहा महिन्यांची नकोशी नोकरी गाळू नका.

मग प्रश्न शब्द न् शब्द वाचा. अटक, खटला, दंड हे रकाने पोलिस-कोर्टाचे. कंपनीतली चौकशी तिथे घुसडायची नाही. तिची जागा 'नोकरी सोडल्याचं कारण' इथे. तिथे 'घरगुती अडचण' आणि लेटरवर 'सेवा समाप्त', म्हणजे अडकलातच. आधीची नोकरी सरकारी असेल तर प्रश्न आणखी बारीक: राजीनाम्याची नोटीस देताना किंवा त्यानंतर शिस्तभंगाची कारवाई चालू होती का, वागणुकीबद्दल खुलासा तरी मागवला होता का? 'शिक्षा कुठे झाली?' म्हणत इथे 'नाही' लिहिणं ही हमखास चूक.

लिहायचं ते असं: 'मार्च 2022, शिफ्टला वारंवार उशीर, लेखी ताकीद, खुलासा दिला, पुढे कारवाई नाही. प्रत सोबत.' बस. सुपरवायझरची खुन्नस वगैरे फॉर्मवर नको.

उशिरापेक्षा चोरी, अफरातफर, लैंगिक छळ किंवा कंपनीची ड्रॉइंग्ज पेनड्राइव्हवर नेणं कितीतरी जड. तिथे विश्वासाचाच प्रश्न येतो. पॉशच्या, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरोधी कायद्याच्या, अंतर्गत समितीची शिफारस मान्य नसेल, तर अपिलाला 90 दिवस असतात.

प्रकरण पोलिसांत गेलं असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा 2016 चा अवतार सिंग निकाल वाचा. क्षुल्लक गुन्हा दडवला तर नोकरी देणारा ते दडवणं माफ करू शकतो. पण सगळं खरं सांगितलं तरी पूर्वेतिहास पाहून नाकारण्याचा अधिकार त्याच्याकडे राहतोच.

पत्तेही नीट भरा, पडताळणी त्या-त्या भागातल्या पोलिसांकडे जाते. 2018 पासून पिंपरी-चिंचवडचं पोलिस आयुक्तालय वेगळं आहे. निगडीहून सिंहगड रोडला आलेल्यांनी दोन्ही पत्ते तारखांसकट द्यावेत. भरलेल्या फॉर्मची झेरॉक्स ठेवा. फॉर्म दिल्यानंतर अटक झाली किंवा खटला उभा राहिला, तर तेही लगेच लेखी कळवावं लागतं.