पाण्यातली संध्याकाळ

सूर्यास्ताच्या चित्रात आकाश बऱ्याच जणांना जमतं, चित्र अडतं ते पाण्यात. वरचेच रंग तेवढेच उजळ खाली लावले की पाणी दिसतच नाही, दुसरं आकाश दिसतं. पाण्यावर पडलेला सगळा प्रकाश परत फिरत नाही, काही आत मुरतो. म्हणून जलरंगात माझा हट्ट एकच: पाणी आकाशापेक्षा एक पायरी गडद.

कागद 300 जीएसएमचा, म्हणजे जाड घ्या. पातळ कागद फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो. चारी कडा टेपने पक्क्या करा. क्षितिजरेषा पट्टी लावूनच आखा. ती जराशी कलली तरी पाणी सांडतंय असं वाटतं.

आकाशाचा भाग आधी साध्या पाण्याने ओला करा. कागद तिरका धरून बघा, नुसती चमक हवी, थारोळं नको. सूर्याची जागा कोरी सोडून भोवती लेमन यलो, मग नारिंगी, मग क्रिमसन (गडद लाल), सगळ्यात वर अल्ट्रामरीन (गडद निळा). पिवळा आणि निळा यांच्यामध्ये गुलाबी पट्टा राहू द्या, नाहीतर आकाश हिरवट होतं. वाळल्यावर रंग फिकटतो, म्हणून लावताना हात आखडू नका.

आता थांबा. हाताची पाठ कागदाला लावा. गार लागला तर आत ओल आहे.

पाण्यात क्रम उलटा: क्षितिजाशी पिवळा-नारिंगी, आपल्याकडे येताना जांभळट निळा. अगदी पायाशी आपण पाण्यात वरून बघतो, तिथे प्रतिबिंब कमी आणि पाण्याचा स्वतःचा काळोख जास्त. त्या भागात अल्ट्रामरीनमध्ये थोडा बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळा.

आता पाण्यावर चमकणारा उन्हाचा पट्टा. सूर्य बाजूला असला की मी तो तिरका, चित्राच्या मध्याकडे ओढायचे. एकदा काठावर उभी राहून पेन्सिल डोळ्यांसमोर उभी धरली, तेव्हा दिसलं की पट्टा थेट सूर्याच्या खालीच उतरतो. तेवढी जागा पाणी रंगवतानाच राखायची. तिथे ब्रश फडक्यावर टिपून, जवळजवळ आडवा धरून, कागदावरून झरकन फिरवा. रंग फक्त कागदाच्या उंचवट्यांना लागतो, खळगे पांढरे राहतात आणि तेच लुकलुकतात.

लाटांच्या रेघा शेवटी आणि मोजक्याच: दूर बारीक नि दाट, जवळ रुंद नि विरळ. काठावरच्या झाडाची सावळी आकृती असेल तर तिचं प्रतिबिंब मात्र झाडापेक्षा किंचित उजळ ठेवा.