नर्सरीतल्या झाडांवर फवारा नीट बसतोय का, घरच्या घरी ट्रायल कशी घ्यायची

ठाण्यात घोडबंदर रोडच्या नर्सऱ्यांत मोठ्या पिशव्यांतली फायकस, बहावा, ताम्हणची झाडं असतात ना, त्यांच्यावर फवारणी झाली की सगळे वरून पान ओलं दिसतंय का एवढंच बघतात. पण पिठ्या ढेकूण नि खवले कीड बसते पानाखाली, फांदीच्या बेचक्यात, तिथे थेंब पोचला का ते बघायला हवं. त्याला औषध लागत नाही, साधं पाणी बास.

वॉटर सेन्सिटिव्ह पेपर ऑनलाइन मिळतात, पिवळे असतात, थेंब पडला की निळा डाग उमटतो. कोरडे ग्लोव्हज घालूनच हाताळा, बोटाच्या घामानेही निळे होतात. आपल्याकडच्या दमट हवेत तर ते नुसते बाहेर ठेवले तरी बिघडतात, म्हणून पावसाळ्यात हा उद्योग नकोच, थंडीत करा, दव सुकल्यावर नि दुपारचा खाडीचा वारा सुटायच्या आत. या पेपरचं एक कार्ड फवाऱ्यापासून लांब सावलीत ठेवा, तेच निळं पडायला लागलं तर त्या दिवशीचा रिझल्ट सोडून द्या.

आता एकाच जातीची, सारख्या उंचीची नि सारख्या घेराची झाडं निवडा. प्रत्येकाला शेंड्याला, मध्ये खोडाजवळ आणि खाली, पानाच्या वर एक नि खालून एक असं कार्ड स्टेपल करा, मागे झाड नंबर नि जागा पेन्सिलीने आधीच लिहून ठेवा. एक कार्ड बुंध्याशी जमिनीवर, वाया किती जातंय ते कळतं.

मग पाठीवरचा पंप आणि एचटीपीची (जास्त दाबाच्या मोटर पंपाची) गन, दोन्ही वेगवेगळ्या झाडांवर मारा. त्याआधी नोझलखाली मापाचं भांडं धरून मिनिटाला किती पाणी येतं ते मोजा, नव्या नोझलपेक्षा दहा टक्क्यांच्या वर जास्त येत असेल तर नोझल झिजलाय, बदला, नाहीतर तुलनेला अर्थच नाही. पंपाला हॉलो कोन (पोकळ शंकूसारखा फवारा देणारा) नोझल लावा नि लान्स, म्हणजे पंपाची लांब नळी, खालून वर फिरवा. दोन्हीकडे दर झाडाला पाणी किती लागलं तेही लिहा.

कार्ड सुकल्यावर चौरस सेंटीमीटरमधले डाग मोजा. कीटकनाशकाला साधारण २० ते ३० पुरतात, स्पर्शजन्य (जिथे पडेल तिथेच काम करणाऱ्या) बुरशीनाशकाला ५० ते ७० हवेत. अख्खं कार्ड निळं झालं म्हणजे भारी काम झालं असं नाही हां, तिथून पाणी ओघळून जातंय. गनचं सहसा हेच होतं, वरचं नि जमिनीवरचं कार्ड निळंशार नि पानाखालचं जवळजवळ पिवळं. तसं दिसलं तर प्रेशर वाढवत बसू नका, आधी फवाऱ्याची दिशा बदला नि झाडांमधलं अंतर वाढवून परत कार्ड लावा.