खालचे केस काढताना या चुका टाळा, पावसाळ्यात तर नक्कीच

गणपतीच्या आधीचे आठ-दहा दिवस माझ्या पार्लरमध्ये उभं राहायला जागा नसते. चाकरमानी यायचे असतात, घरात साफसफाई, मखर, करंज्या, आणि त्यातूनच वेळ काढून बायका आयब्रो-फेशियलला येतात. दरवर्षी त्या गर्दीत दोन-तीन जणी अशा असतात की आयब्रो करून घेतात, पैसे देतात, चप्पल घालतात आणि मग दारातून परत फिरून हळूच म्हणतात, "ताई, जरा आत येता काय, एक विचारायचं होतं." पडद्याआड गेल्यावर कळतं की जांघेत केसतोड झालंय, धड चालता येत नाही, घरात कोणाला सांगितलेलं नाही आणि चार दिवस त्यावर कसलंतरी मलम चोपडणं चाललंय.

चिपळूणला पार्लर चालवून मला सोळा वर्षं झाली आणि या विषयात मी जेवढं नुकसान बघितलं ते बहुतेक घाईमुळे आणि लाजेमुळे झालेलं होतं. बाथरूमची कडी लावून, मिणमिणत्या बल्बखाली, बाहेरून कोणीतरी हाक मारतंय म्हणून पाच मिनिटांत उरकायचं, हत्यार म्हणजे नवऱ्याचा नाहीतर भावाचा जुना रेझर. मग चिरणार नाही तर काय होणार. म्हणून आज जे बायका मला पडद्याआड विचारतात ते इथे सरळ लिहिते, आणि पुरुषांनीही वाचावं कारण त्वचा त्यांचीही तीच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे हे केस काढलेच पाहिजेत असं कुठलंही वैद्यकीय कारण नाही. ते घाण नाहीत. तिथली त्वचा एकमेकींवर आणि कपड्यावर घासते तेव्हा केस मध्ये उशीसारखे राहतात, म्हणून तर पूर्ण गुळगुळीत केलं की दोन दिवसांनी चालताना आग होते. साध्या पाण्याने रोज धुतलं, बाहेरून सौम्य साबण लावला की स्वच्छता झाली. तुम्हाला स्वतःला हलकं वाटतं म्हणून काढायचे तर जरूर काढा, पण मैत्रीण म्हणाली, नवरा म्हणाला, रीलमध्ये बघितलं म्हणून नको.

नववा महिना लागला की मुली धास्तावून विचारतात, "ताई, दवाखान्यात ओरडतील काय हो?" पोट पुढे आलेलं, खालचं काही दिसत नाही, तरी आरसा जमिनीवर ठेवून रेझर फिरवतात. असं करू नका गं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की नॉर्मल डिलिव्हरीआधी सरसकट शेव्हिंग करू नये. ऑपरेशनच्या बाबतीतही त्यांच्या २०१६ च्या सूचनांमध्ये रेझर वापरूच नका, केस काढायची गरजच पडली तर क्लिपरने, म्हणजे ट्रिमरसारख्या मशीनने कापा असं आहे, कारण रेझरने त्वचेवर डोळ्याला न दिसणारे बारीक चरे पडतात आणि जंतू तिथूनच आत शिरतात. ऑपरेशन थिएटरसारख्या स्वच्छ जागेत ही काळजी घ्यायची तर आपल्या ओल्या बाथरूममध्ये किती घ्यायला हवी, तुम्हीच बघा.

म्हणून मला कोणी "सगळ्यात आरामाचं काय" असं विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे, ट्रिमर. वर गार्ड लावायचा, केस तीन-चार मिलिमीटर ठेवायचे आणि थांबायचं. त्वचेला पातं लागत नाही, त्यामुळे कापणं, खाज, केसतोड हे प्रकार जवळजवळ होतच नाहीत. ट्रिमर स्वतःचा वेगळा हवा, डोक्याचा-दाढीचा तोच नको. वापरून झाला की ब्रशने साफ करायचा, धुण्यासारखा असेल तर धुऊन पूर्ण वाळवायचा. गार्ड न लावता कातडीच्या घड्यांवरून फिरवला तर तोही चावतो. कात्री वापरायचीच तर बोथट टोकाची घ्या आणि केस बोटांत धरून वर उचला, मगच कापा.

रेझर वापरायचाच असेल तर

मागे एका मुलीला मी म्हटलं तुझा रेझर घेऊन ये बघू. कागदात गुंडाळून आणला. दोन पात्यांच्या मध्ये साबणाचा पांढरा थर, त्यात केसांचे तुकडे अडकलेले आणि कडेला तांबूस गंज. ती म्हणाली दोन महिनेच झाले घेऊन. पण तो राहतो कुठे, तर बाथरूमच्या खिडकीत, जिथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत पावसाचं पाणी उडतं. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, भिंतींना बुरशी येते, लोणच्याच्या बरणीचं झाकण दोनदा पुसावं लागतं, तिथे ओला ठेवलेला रेझर काय टिकणार. पाच ते सात वेळा वापरला की टाकायचा आणि दर वेळी वापरून झाला की झटकून, पुसून कोरड्या कपाटात ठेवायचा. आणि कोणाचाही उसना घ्यायचा नाही, सख्ख्या बहिणीचासुद्धा.

लांब केसांवर सरळ रेझर नको, आधी ट्रिम करा. मग कोमट पाण्याने पाच मिनिटं शेका म्हणजे केस मऊ होतो, बिनवासाचं शेव्हिंग जेल लावा, कोरड्या कातडीवर किंवा नुसत्या अंगाच्या साबणावर नको. एका हाताने त्वचा हलकी ताणून धरायची आणि केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने फिरवायचा. उलटा फिरवला की गुळगुळीत होतं खरं, पण केस त्वचेच्या खाली कापला जातो, तिथले केस कुरळे, तो वर यायच्या ऐवजी वाकून आतच शिरतो आणि चार-पाच दिवसांनी लाल पुळी उठते. त्याच जागेवरून तीन-चारदा दाबून फिरवायचं नाही. आणि योनीच्या आतल्या ओठांच्या बाजूची मऊ त्वचा, किंवा पुरुषांत अंडकोषाची सैल कातडी, तिथे रेझर नेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

क्रीम

याबद्दल मी स्वतःच्या अनुभवाने सांगते. लग्नानंतरच्या वर्षी नणंदेच्या हळदीच्या आदल्या रात्री मी क्रीम लावलं, पाकिटावर पाच मिनिटं लिहिलं होतं, मधेच सासूबाईंनी नारळ खवायला हाक मारली आणि मी वरून कपडे घालून तशीच गेले. परत आले तोवर पंधरा मिनिटं होऊन गेली होती. धुतलं तेव्हा केसांबरोबर वरची साल निघाली. दुसऱ्या दिवशी हळदीत सगळ्या नाचत होत्या आणि मी भिंतीला टेकून उभी, बसता येईना, लघवीला गेलं की डोळ्यांतून पाणी. कोणाला काही बोलले नाही. आठ दिवस गेले बरं व्हायला.

ही क्रीम केस विरघळवते ती केराटिन तोडून, आणि आपल्या कातडीचा वरचा थरही केराटिनचाच असतो, म्हणून केसाला जे होतं ते वेळ चुकली की कातडीला होतं. मोबाईलवर टायमर लावा. चोवीस तास आधी मांडीच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर लावून बघा, पूर्वी हातापायाला चाललं म्हणजे तिथे चालेल असं नसतं. पाकिटावर बिकिनी लाईनसाठी आहे असं लिहिलेलं असेल तरच घ्या, आणि बिकिनी लाईन म्हणजे बाहेरची कड, आतल्या ओल्या त्वचेला क्रीम लागता कामा नये. कालच शेव्ह केलंय, खाज आहे, कुठे खरचटलंय, तर आज क्रीम नाही. आग व्हायला लागली की केस गेले का ते बघत बसू नका, लगेच पुसून भरपूर साध्या पाण्याने धुवा.

वॅक्स

वॅक्स माझा धंदा आहे, तरी पहिल्यांदा येणाऱ्या निम्म्या मुलींना मी परत पाठवते. केस तांदळाच्या दाण्याएवढे वाढलेले नसतील तर वॅक्स त्यांना मुळातून धरत नाही, अर्ध्यातच तोडतं आणि तो तुटका केस आत वळतो. पाळीच्या आधीचे दोन-चार दिवस त्वचा जास्त दुखरी असते, ते टाळा. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा बंद होऊन सहा महिने झाले नसतील तर वॅक्स नकोच, साल निघते. तिथे रेटिनॉलसारखं क्रीम लावत असाल तरीही नको. गोळीचं नाव पार्लरवालीला सांगा, तिने विचारलं नाही तरी सांगा.

आणि पार्लरमध्ये लाज सोडून बघा. स्पॅट्युला तुमच्या अंगाला लावून परत वॅक्सच्या डब्यात बुडवतेय का? बुडवत असेल तर उठा. प्रत्येक वेळी नवीन लाकडी पट्टी, हातात ग्लोव्हज, खाली नवीन कागद, आणि वॅक्स आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायला हवं. घरी साखर-लिंबाचं वॅक्स करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा की घामाने ओल्या झालेल्या कातडीला ते धरत नाही, आणि धरत नाही म्हणून त्याच जागेवर चार-चार वेळा ओढलं जातं, मग काळं-निळं पडतं. स्वतःचं स्वतः बिकिनी वॅक्स करू नका, कातडी ताणून धरायला तिसरा हात लागतो.

लेझरबद्दल थोडंच सांगते कारण ते माझं काम नाही, त्वचेच्या डॉक्टरांचं आहे. लेझर केसातल्या काळ्या रंगावर काम करतं, त्यामुळे पांढऱ्या केसांवर चालत नाही, आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेसाठी एनडी-याग प्रकारचं लेझर जास्त सुरक्षित धरतात. चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने सहा-आठ सिटिंग लागतात, आणि पीसीओडी, म्हणजे हार्मोन बिघडण्याचा त्रास असेल तर केस पुन्हा येऊ शकतात. इथली एक मुलगी घाट चढून लेझरला गेली आणि आदल्या आठवड्यात वॅक्स करून गेली होती, माझ्याकडे नव्हे, दुसरीकडे. मुळात केसच नाही तर लेझर कशाला धरणार, तशीच परत आली. लेझरच्या आधी महिना-दीड महिना वॅक्स नाही, प्लकिंग नाही, फक्त शेव्ह.

नंतरचे दोन दिवस

माझ्या मते सगळ्यात जास्त चुका इथे होतात. मुंबईहून गणपतीला निघायच्या आदल्या रात्री शेव्ह करायचं, सकाळी टाईट जीन्स घालायची आणि दहा-बारा तास एसटीच्या सीटवर बसून यायचं, घाम, घासणं, वर प्यायला पाणी कमी. उतरेपर्यंत पुळ्या तयार. प्रवासाच्या तीन-चार दिवस आधी उरका नाहीतर राहू द्या. तारकर्ली-गुहागरला समुद्रात जायचं असेल तरी तेच, ताज्या शेव्हवर खारं पाणी आणि मग ओल्या कपड्यांत वाळूवर दोन तास बसणं म्हणजे मुद्दाम दुखणं ओढवून घेणं.

पित्त उठलं की आपण आमसुलाचं पाणी नाहीतर आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस लावतो, ते बरं वाटतं म्हणून काही जणी शेव्हनंतर आलेल्या पुरळावरही आगळ चोळतात. ते आंबट आहे, चिरलेल्या कातडीवर ते आगच करणार. अँटिसेप्टिक लिक्विड पाणी न मिसळता सरळ ओतणं, तुरटी घासणं, लिंबू, टूथपेस्ट, काळेपणा जावा म्हणून गोरं करणारं क्रीम, हे सगळं बंद. तिथली त्वचा बाकीच्या अंगापेक्षा काळसर असणं हे नॉर्मल आहे, आणि चोळून-घासून ती जास्तच काळी होते. गार पाण्याची घडी ठेवा, टिपून कोरडं करा, बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर किंवा कोरफडीचं जेल पातळसं लावा. खोबरेल तेलाचा जाड थर घामाच्या दिवसांत नको, केसांची मुळं बुजतात.

चड्डी सुती, सैल आणि पूर्ण वाळलेली. हे शेवटचं श्रावणात किती अवघड आहे ते मला माहीत आहे, दोरीवर चार दिवस कपडे लोंबकळतात तरी हाताला गार लागतात. इस्त्री फिरवा, आतून फिरवा. जुलै २०२१ चा पूर ओसरल्यावर पुढचे दोन महिने माझ्याकडे जी बाई येईल तिच्या जांघेत नायटा, कारण दिवसच्या दिवस ओल्या कपड्यांत चिखल उपसला होता सगळ्यांनी.

नायटा असताना केस काढू नका, रेझर त्याला शेजारच्या जागी नेऊन पोचवतो. गोल, कडेला उठलेला, खाजणारा चट्टा दिसला की तो नायटा, शेव्हिंगचं पुरळ नव्हे. आणि मेडिकलमध्ये जाऊन "खाजेची ट्यूब द्या" म्हणून जे मिळतं त्यात पुष्कळदा स्टिरॉइड असतं, दोन दिवस खाज थांबते, मग नायटा दुप्पट पसरतो आणि कातडी पातळ होऊन त्यावर रेघा पडतात, त्या जात नाहीत. अशी स्टिरॉइडची मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नसतात. चिठ्ठी घेऊनच आणा.

आत वळलेला केस दिसत असेल तर सुईने कोरू नका, केसतोड पिळू नका. दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटं कोमट फडक्याने शेका, तिथे काहीच फिरवू नका, बहुतेक आपोआप बसतं. पण लाली पसरत चालली, पू भरला, ताप आला, जांघेत अवधाण, म्हणजे दुखरी गाठ येऊन पाय टाकवेना, किंवा तुम्हाला डायबेटीस आहे आणि जखम साधी वाटतेय, तर वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर. तिथे कसं बोलायचं म्हणून अडू नका, "जांघेत गळू आलंय, बाईडॉक्टर असतील तर दाखवायचंय" एवढं काउंटरवर म्हटलं की पुरतं. आणि तेवढंही तोंडातून निघत नसेल तर चिठ्ठीवर लिहून न्या. माझ्या दोघी-तिघी तशाच गेल्या, एकीची चिठ्ठी तर मीच बिलाच्या मागे लिहून दिली होती.