धरणाच्या काठावर झाडंझुडपं परत कशी आणायची?

धरणाचं पाणी उतरलं की काठाला उघडाबोडका पट्टा दिसतो, आणि तो दिसला की लोक थेट खड्डे खणून रोपं लावायला घेतात. पुढच्या वर्षी पाणी चढतं, सगळं साफ. तेव्हा आधी रोपं नकोत, आधी पाण्याचं टाइमटेबल.

१) धरण चालवणाऱ्यांकडून मागच्या पाच-दहा वर्षांची पाणीपातळी मिळवा. काठावर कुठल्या उंचीला पाणी वर्षातले किती दिवस असतं आणि कधी, एवढंच त्यातून काढायचं. चीनमधल्या थ्री गॉर्जेस धरणाला पाणी १४५ ते १७५ मीटरमध्ये खालीवर होतं, म्हणजे तब्बल ३० मीटरचा पट्टा, आणि तोसुद्धा उलटा, हिवाळ्यात भरलेला नि उन्हाळ्यात उघडा! नदीकाठच्या मूळ झाडांना ही सवय कुठून असणार.

२) आता उताराचे तीन भाग पाडा, खुंट्या ठोकून. सगळ्यात खाली महिनोन्‌महिने बुडून परत फुटणारं गवतच लावायचं, हरळी म्हणजे आपली दूर्वा यात एकदम चिवट, थ्री गॉर्जेसच्या काठावरही तीच टिकून आहे. मध्ये लव्हाळे आणि विलोसारखी (म्हणजे वाळुंजासारखी) झुडपं. मोठी झाडं फक्त वर, जिथे पाणी थोडेच दिवस येतं.

३) लाटा बारीक माती खाऊन टाकतात आणि नुसते दगड उरतात, तिथे आधी काथ्याचे रोल किंवा फांद्यांच्या मोळ्या आडव्या ठेवून खुंट्यांनी पक्क्या करा. विलोच्या अंगठ्याएवढ्या जाड काड्या पानं नसताना कापायच्या, डोळे (कोंब फुटायच्या जागा) वर ठेवून दोन-तृतीयांश जमिनीत घालायच्या. उलटी खोचू नका, घाईत होतं असं!

४) पाणी उतरायला लागलं की लगेच लागवड, त्याच्या मागोमाग खाली सरकत. मुळं धरायला जितके जास्त दिवस मिळतील तितकं बरं.

५) धरणाच्या खालची नदी हा वेगळाच मामला. गाळ वर अडकलेला, वाहत येणारं बी पण बरंचसं तिथेच, आणि पूर नाही म्हणून नवीन ओली गाळवट जमीनच तयार होत नाही. विलो, कॉटनवुड (पॉप्लरच्या जातीचं नदीकाठचं झाड) यांचं बी काही आठवडेच जगतं, ते नेमकं अशाच जमिनीवर पडावं लागतं आणि नंतर पाणी रोज साधारण अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त उतरता कामा नये, नाहीतर मुळं मागे पडतात आणि रोप वाळतं. म्हणजे इथे फावड्यापेक्षा गेट चालवणाऱ्यांशी बोलणं महत्त्वाचं. अमेरिकेत ग्लेन कॅनियन धरणातून १९९६ मध्ये वाळूचे काठ परत बनावेत म्हणून सात दिवस मुद्दाम पूर सोडला होता.

६) पहिली दोन-तीन वर्षं गुरं लांब ठेवा, बाहेरून आलेलं तण उपटत रहा. दर वेळी पाणी उतरलं की कुठल्या खुंटीपर्यंत काय जगलं ते लिहून ठेवा. जे मेलं तेच परत तिथे लावू नका, एक पट्टा वर सरकवा.