‘एकच घ्या हो’ म्हणणाऱ्या पेढ्याचं काय करायचं

चालणं सुरू केलंय, भात कमी केलाय, चहातली साखर बंद केलीय, असं धरून चालते. तरीही वजनाचा काटा हलत नसेल, तर दोन जेवणांच्या मध्ये तोंडात काय जातंय ते बघा.

आधी एकदाच पेढा वजनकाट्यावर ठेवा. मध्यम पेढा साधारण 20 ग्रॅमचा, म्हणजे 80च्या आसपास कॅलरी. 40 ग्रॅमचा तुपातला बेसनलाडू 200च्या घरात जातो. एवढं कळलं की पुरे, रोज मोजत बसू नका.

घरातलं गोड स्टीलच्या डब्यात भरून माळ्यावर. काचेच्या बरणीत, ओट्यावर अजिबात नाही.

‘साखर सोडा, गुळाचं खा’ हा सल्ला देणाऱ्यांना हात जोडा. वजनापुरतं बघाल तर 100 ग्रॅम साखरेत साधारण 400 कॅलरी आणि गुळात जेमतेम थोड्या कमी. खजुराच्या ‘शुगर फ्री’ लाडवातला खजूरही बराचसा साखरच असतो, वर तूप आणि सुकामेवा वेगळा. मी एका हिवाळ्यात असे लाडू ‘पौष्टिक’ म्हणून रोज दोन खाल्ले आणि संक्रांतीपर्यंत दीड किलोने वाढले. तिळगूळ तर पुढेच होता.

आता खरी अडचण: ऑफिस. कुणाला मुलगा झाला, पेढे. मुलगी झाली, बर्फी. बढती, नवी गाडी, मुलीचा दहावीचा निकाल. पुडा येतो आणि नेमका पाण्याच्या पिंपाशेजारी उघडा राहतो. माझी दोन वर्षं तिथेच गेली. मी हुशारी म्हणून अर्धा पेढा तोडायचे. अर्ध्याचा हिशोब मन ठेवत नाही. पाणी प्यायला गेले की उरलेला अर्धा, मग दुसऱ्याचा अर्धा, ‘हा तुटलेलाच आहे, कोण खाणार’ म्हणून आणखी एक. एका दुपारी पुड्यातले कागद मोजले तर माझे अडीच पेढे झाले होते, आणि मी घरी जाऊन छातीठोकपणे सांगणार होते की आज अर्धाच खाल्ला. म्हणून माझं ठाम मत आहे: अर्धा कधीही घेऊ नका. घ्यायचा तर अख्खा, नाहीतर नाहीच.

घ्यायचा की नाही हे पुडा समोर आल्यावर ठरवू नका, तेव्हा पेढाच ठरवतो. मी सोमवारी सकाळीच ठरवते: आठवड्यात दोन. घेतलेला पेढा बशीत ठेवायचा, जेवणानंतर बसून, हळू खायचा. भुकेल्या पोटी चार वाजता उभ्या-उभ्या खाल्लेला पेढा एकटा राहत नाही, हे अनुभवाने सांगते.

नाही म्हणायचंही तंत्र आहे. ‘डाएटवर आहे’ हे शब्द तोंडातून काढू नका. सगळं ऑफिस डॉक्टर होतं: ‘एकाने काय होतंय?’, ‘तुम्ही कुठे जाड आहात?’, ‘आमच्या मावशीने तर...’ कारण दिलंत की वाद सुरू. ‘नंतर घेते’ म्हणालात तर ती व्यक्ती नंतर खरंच येते. मला उपयोगी पडलं ते एवढंच: तोंडभरून अभिनंदन करायचं, पेढा घ्यायचा, ‘घरी नेते हं’ म्हणून कागदात गुंडाळायचा आणि जाताना वॉचमनकाकांना द्यायचा. पर्समध्ये ठेवू नका. लोकलमध्ये तो सापडतोच.

प्रसादाला नाही म्हणू नये, हे मलाही मान्य. पण प्रसाद कणभर असतो. सत्यनारायणाच्या शिऱ्याची दुसरी वाटी हा नाश्ता झाला, त्याला देवाचं नाव लावू नका.

मधुमेहाची औषधं चालू असतील तर गोडाचं प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा, माझं ऐकून नको.

आणि एखाद्या दिवशी तीन खाल्लेच, तर रात्रीचं जेवण बुडवू नका. मी बुडवलं होतं. अकरा वाजता अंधारात माळ्यावरचा डबा काढताना स्टुलावरून पाय घसरला, झाकण खाली पडलं आणि सगळं घर जागं झालं. रात्री भाकरी, भाजी, ताक घ्या आणि झोपा.